पुढच्या भेटी त्यातच आल्या

आमच्या शेजारच्या राऊतभावजींना नमस्कार केला, तर ते तोंडाकडे बघत नाहीत. जोडलेल्या हातांकडे बघतात. दहा बोटं एकमेकांना नीट टेकली आहेत ना, एखादं टोक मागे राहिलंय का, कुठलं पेर फुगलंय का, हे सगळं एका नजरेत उरकतात आणि मग मान वर करून म्हणतात, "ठीक." नवीन माणसाला वाटतं, आपली विचारपूस झाली. तशी ती झालेलीही असते, पण फक्त मनगटाच्या पुढची.

माझ्या पुतण्याच्या लग्नात नवी सून पाया पडायला वाकली. बाकीच्यांनी सुखी राहा म्हटलं. भावजींनी तिचा डावा अंगठा पाहिला आणि विचारलं, "हा लहानपणी दारात सापडला होता का?" सापडला होता. पण सुनेच्या आईला वाटलं, मुलाकडच्यांनी अक्षता पडल्यावरही मुलीची तपासणी चालूच ठेवली आहे. त्यांची समजूत काढता काढता माझी जेवणाची पंगत हुकली.

मी नागावात पाहुण्यांना राहायला खोल्या देते. वाडीत चार खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरात हिरामावशी. पाहुणे समुद्रासाठी आलो असं सांगतात, पण दुसऱ्यांदा येतात ते मावशींच्या तांदळाच्या भाकरीसाठी. भावजींचं घर कुंपणापलीकडे. कुंपण म्हणजे मेंदीची नावापुरती रांग आणि मध्ये जाऊन-येऊन पडलेली एक पायवाट. ही वाट पाडली मालतीवहिनींनी, म्हणजे भावजींच्या बायकोने. कढीपत्ता, विरजण, गप्पा, काही ना काही कारण असायचंच. त्यांना जाऊन आता काही पावसाळे झाले. वाट बुजली नाही, कारण ती आता आमच्या कोंबड्या वापरतात.

भावजी नक्की काय काम करतात, हे गावात अजून कुणाला धड सांगता येत नाही. काहींच्या मते ते अमेरिकेचे डॉक्टर आहेत. काहींना वाटतं, ते कॉम्प्युटरवर शेअर खेळतात. मला त्यांनी इतक्या वेळा समजावलंय की मी ते झोपेतही सांगेन. अमेरिकेत कुणाचं तरी बोट गाडीच्या दारात चेमटतं. तिथला डॉक्टर ते बघतो, पट्टी बांधतो आणि काय पाहिलं, काय केलं ते लिहून ठेवतो. ते लिखाण नागावात येतं. भावजी ते वाचून त्या दुखण्याला एक आकडा देतात आणि केलेल्या उपचाराला दुसरा. दोन्ही एकमेकांना धरून असले तर बिल विमा कंपनीकडे सरकतं, नसले तर भिंतीवर मारलेल्या चेंडूसारखं परत येतं. आधी ते ऐरोलीच्या ऑफिसात बसून हे करत. लॉकडाऊनमध्ये कंपनीने सगळ्यांना घरी धाडलं, भावजी कॉम्प्युटर उचलून गावी आले आणि इथेच राहिले.

कंपनीत कामं वाटून दिलेली असतात. कुणाकडे डोळे, कुणाकडे हृदय. भावजींच्या वाट्याला बोटं आली. एकदा मी सहानुभूतीने म्हटलं, "हृदय मिळालं असतं तर जरा वजन वाढलं असतं, नाही?"

"हृदय एकच असतं, वहिनी," ते म्हणाले. "बोटं दहा. प्रत्येकाची पेरं वेगळी. हृदयवाल्यांना काय कळणार?"

त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. कोणता हात, कोणतं बोट, कोणतं पेर. नाक्यावरच्या किराणा दुकानदाराचा भाऊ बाइकवरून पडला, तेव्हा सगळा गाव "शुद्धीवर आहे ना?" विचारत होता. भावजींनी "कोणतं बोट?" विचारलं. दुकानदाराने सांगितलं, बोटाला काही नाही, पाय मोडलाय. भावजी "अरेरे" म्हणाले, पण त्यात जीव नव्हता. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक अपक्ष उमेदवार हात जोडून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काका, आमचे हात बळकट करा." भावजींनी विचारलं, "कोणता? डावा की उजवा?" उमेदवार हसला. भावजी हसले नाहीत. ते उत्तराची वाट बघत उभे राहिले, आणि शेवटी उमेदवाराने उजवा म्हणून सांगून सुटका करून घेतली.

डावं-उजवं हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात नाजूक विषय आहे. डॉक्टरने वर डावा हात लिहिला आणि खाली चुकून उजवा, की तो कागद ते परत पाठवतात आणि त्या दिवशी त्यांचं जेवणावरचं मन उडतं. कुंपणापलीकडून हाक आली की मी त्यांचा स्वर ओळखते. "वहिनी, आज एकाने शिकलेला असून डाव्याचं उजवं केलं." एखाद्याने सख्ख्या भावाची जमीन लाटावी, तसं ते सांगतात. एका पाहुण्याने रस्ता विचारला आणि भावजींनी उजवीकडे सांगितलं असताना तो डावीकडे वळला. भावजी चपला घालून त्याच्यामागे गेले. पाहुणा म्हणाला, समुद्रावर दोन्हीकडून जाता येतं ना? भावजी म्हणाले, जाता येतं, पण मी उजवं सांगितलं होतं.

आकड्याच्या शेपटीला एक अक्षर लागतं. पहिल्या उपचाराला वेगळं, पुढच्या भेटीला वेगळं, हाड उशिरा जुळत असेल तर वेगळं, जुळलंच नाही तर वेगळं आणि वाकडं जुळलं तर आणखी वेगळं. ही अक्षरं भावजी जगाला लावत फिरतात. अलिबागचा रस्ता त्यांच्या मते "पुढची भेट, उशिरा भरतंय." गावातल्या दोन भावांचा समेट झाला तेव्हा ते कानात म्हणाले, "जुळलंय, पण वाकडं."

शिवाय इजा कशाने झाली, याचेही आकडे असतात. डॉल्फिनने मारलं तर त्यालाही एक आकडा आहे. नारळ पडला तर मात्र वेगळा आकडा नाही, त्याला "वरून पडलेली वस्तू" या गर्दीत ढकलावं लागतं. नागावात राहणाऱ्या माणसाला हे कसं सोसावं? "आपल्याकडे डॉल्फिनने कुणाला मारल्याचं ऐकलंय तुम्ही?" ते मला दरवर्षी विचारतात. मी दरवर्षी नाही म्हणते.

एवढा बोटांचा अभ्यास, पण मोडलेलं बोट त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं, हे आम्हाला क्रिकेटच्या स्पर्धेत कळलं. भात कापून झालं की आमच्याकडे शेतात सामने सुरू होतात. एका सामन्यात विकेटकीपरच्या बोटावर चेंडू बसला आणि बोट भलत्याच दिशेला वळलं. लाउडस्पीकरवरून भावजींना बोलावणं झालं. ते धावत आले, लोकांनी वाट करून दिली. भावजींनी विचारलं, "कोणता हात?" मग त्या हाताकडे नजर टाकली आणि मटकन खाली बसले. शेवटी त्या विकेटकीपरने धड असलेल्या हाताने त्यांना पाणी पाजलं. तेव्हापासून ते दुखरं बोट सरळ बघत नाहीत. मान वळवून, डोळ्याच्या कडेने बघतात.

आता त्यांचा मुख्य सिद्धांत. तो मी मुद्दाम मागे ठेवला होता.

तिकडे डॉक्टरने मोडलेलं बोट उपचाराला घेतलं की त्या एका आकड्यात पुढचे काही महिने येतात. परत बघणं, पट्टी सैल करणं, बरं चाललंय ना विचारणं, याचं वेगळं बिल लावायचं नाही. कुणी लावलंच तर भावजी ते काढून टाकतात, आणि हे काढून टाकणं त्यांना फार आवडतं. "बोट एकदा हातात घेतलं, की पुढच्या भेटी त्यातच आल्या," हे ते आरतीच्या चालीवर म्हणत नाहीत एवढंच. आमच्या सुताराने दार बसवलं आणि पावसात ते फुगलं, तेव्हा भावजी त्याच्या घरी जाऊन त्याला हे तत्त्व समजावून आले. सुतार आला, दार तासलं आणि जाताना मला म्हणाला, "पुढल्या वेळंला तुमीच या वहिनी, त्यांना न्हका पाठवू."

मी एकदा सहज विचारलं होतं, "भावजी, त्या बोटांचं पुढे काय होतं?"

"कळत नाही," ते म्हणाले. "पुढच्या भेटीचा कागद आला तर तो ज्याच्यासमोर येईल त्याच्याकडे जातो. माझ्याकडे तेच बोट परत येत नाही." मग म्हणाले, "नावं आम्ही सांगत नाही. पण एक डावी करंगळी होती. पहिल्या भेटीला फार सुजलेली. तिचं काय झालं कोण जाणे." ही करंगळी त्यांच्याकडे आली तेव्हा मालतीवहिनी हयात होत्या. भावजींना ती अजून आठवते, आणि माझ्या मते अमेरिकेत ज्याची ती करंगळी आहे, तो माणूस तिला केव्हाच विसरला असेल.

तर हे भावजी, आणि आषाढातला एक शनिवार. पावसात भिजायला मुंबईची मंडळी आली होती. चारही खोल्या भरलेल्या. हिरामावशी स्वयंपाक आटोपून चादरी घालत होत्या. जाड गादीखाली चादर दाबून खोचताना त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक अडकलं आणि आत कट्कन काहीतरी झालं. मावशींनी आंबेहळद लावली आणि कुणाला सांगितलं नाही. त्यांचं वय साठीच्या पुढचं, घर कोळीवाड्यातलं, आणि दुखणं सांगणं हे त्यांच्या घराण्यात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुंपणावरून भावजींना गरम भाकरी दिली. भावजींनी भाकरीकडे बघितलंच नाही.

"मावशी, ते बोट सरळ करा."

"हाय की सरळ."

"टोक."

"टोक वाईच झोपलंय. उठंल."

भावजींचा चेहरा उतरला. मान वळवून त्यांनी डोळ्याच्या कडेने परत एकदा बघितलं. "ते झोपलेलं नाही, मावशी. सुटलंय."

मी दोघांना गाडीत घालून अलिबागला नेलं. एक्स-रेच्या फोटोत दिसलं, शेवटच्या पेराच्या हाडाचा बारीक टवका निघाला होता आणि नखाकडचं टोक त्यामुळे खाली पडलं होतं. डॉक्टरांनी बोटाला प्लास्टिकची टोपीसारखी पट्टी चढवली आणि सांगितलं, बोट काही आठवडे सरळच राहिलं पाहिजे. अंघोळीला नाही, झोपेत नाही, एकदासुद्धा वाकवायचं नाही. एकदा जरी वाकलं तरी सगळं पहिल्यापासून. आणि पट्टी नीट पाळली नाही, तर टोक कायमचं पडलेलं राहील.

हे ऐकून मावशी टोपी घातलेलं बोट निरखत बसल्या. मला त्याचं कारण माहीत होतं. आमच्याकडची भाकरी परातीत बोटांच्या टोकांनी थापतात. एक टोक खाली लोंबलं तर भाकरीला भोक पडतं. आणि मावशींच्या घरी सून केव्हाची म्हणत होती, आता बसा, किती दिवस लोकांच्या चुली फुंकणार. सून वाईट नव्हे, खरोखर मायेने म्हणायची. मावशींना तीच माया नको होती. परत येताना गाडीत त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ज्या दिशी मना बसून खायला लागंल, त्या दिशी मी संपली." पुढच्या सीटवरून भावजी म्हणाले, "उजवं मधलं, शेवटचं पेर. पहिली भेट झाली. आता पुढच्या भेटी." त्यांचा धीर द्यायचा हा प्रकार होता.

गाडीतच त्यांना आणखी एक चिंता लागली. इजा कुठे झाली, याचाही आकडा असतो. "वहिनी, तुमच्याकडे लोक पैसे देऊन राहतात. मग ते घर धरायचं की हॉटेल?" मी म्हटलं, हेच ग्रामपंचायत मला विचारते. मावशींच्या बोटाला कुणीही आकडा मागितलेला नव्हता. तरी घर की हॉटेल हा घोळ त्यांनी नागाव येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून भावजी रोज सकाळी कामाला बसण्याआधी कोंबड्यांच्या वाटेने येऊ लागले. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसायचे. "बोट?" मावशी उजवा हात वर करायच्या, मधलं बोट टोपीसकट ताठ. शहरातले पाहुणे ते बघून एकमेकांना कोपरखळ्या मारायचे. भावजी तिरक्या नजरेने बघायचे, "ठीक" म्हणायचे आणि चहा घ्यायचे. मावशी तोवर डाव्या हाताने जमेल ते करायच्या. भाकरी मी थापत होते. पाहुणे चांगल्या मनाचे होते, पण भाकरी उरू लागल्या.

भावजींनी मावशींना पट्टी बदलायलाही शिकवलं. डॉक्टरांनी सांगितलेलंच, पण तीन वेळा. बोट टेबलावर सपाट दाबायचं, टेबलावरच ठेवून टोपी काढायची, पुसायचं, दुसरी चढवायची. हात हवेत उचलायचा नाही. एकदा मी मध्येच मावशींना डबा द्यायला सांगितला तर भावजी माझ्यावर असे ओरडले की दारातली कोंबडी उडाली. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

आणि मग श्रावण लागला. पहिल्या सोमवारी सकाळी भावजी पायरीवर येऊन बसले. "बोट?" म्हणाले. मावशींनी हात वर केला नाही. त्या परातीपुढे बसल्या होत्या आणि उजव्या हाताने पीठ मळत होत्या. टोपी नव्हती. मधलं बोट पिठात शिरत होतं, वाकत होतं, आणि पीठ सोडलं की त्याचं टोक तसंच खाली राहत होतं.

"मावशी, पट्टी?"

"काढली." मावशींनी वर बघितलं नाही. "आखाडभर मासली साफ केली त्या हातानं. सगली मासली लागलीय त्या टोपीला. धुवून वास जात न्हाय. आज सोमवार. शंकराच्या निवेदाला ती टोपी कशी लावू, भाऊ?"

चूक म्हणावी तर कुणाची? ज्या हाताने पापलेट साफ केलं, तो धुऊन नैवेद्याला चालतो, कारण तो हात आहे. पण मासळी लागलेलं प्लास्टिक चालत नाही, हे आमच्या भागात कुठल्याही बाईला समजावून सांगावं लागत नाही. ते अलिबागच्या डॉक्टरांना सुचायला हवं होतं असंही नाही. त्यांनी अंघोळ सांगितली, झोप सांगितली. श्रावण कोण सांगतं?

भावजी ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. पायरीवर गुडघ्यांना हात बांधून बसून राहिले. मग म्हणाले, "पहिल्यापासून."

"व्हय," मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. पिठाच्या हाताने डोळे पुसता येईनात, म्हणून त्यांनी खांद्याला पुसले.

भावजी उठले आणि पावसात निघून गेले. मला वाटलं, रागावले. दुपारी ते अलिबागहून परत आले. त्यांनी त्या दिवशी कामाला दांडी मारली होती, आणि ते विजेचा खांब पडला तरी दांडी मारत नाहीत. त्यांच्या पिशवीत तशाच तीन नव्या टोप्या होत्या. त्यांनी एकीवर लाल दोरा गुंडाळला. "ही सोमवारची. हिला मासळीचं वारं लागू द्यायचं नाही. ही देवघरात राहील. बाकीच्या दोन पाहुण्यांच्या." आमच्या पाहुण्यांना श्रावण नसतो, त्यांना सुरमईच लागते. डॉक्टरांना त्यांनी काय सांगितलं, ते मी विचारलं. "सांगितलं, एक शाकाहारी द्या."

मावशींनी लाल दोऱ्याची टोपी कपाळाला लावली. मग टेबलावर बोट सपाट दाबून ठेवलं, आणि भावजींनी मान वळवून, डोळ्याच्या कडेने बघत, ती त्यांच्या बोटावर चढवली. चक्कर येऊ नये म्हणून ते मोठ्याने श्वास घेत होते.

श्रावण सरला, गणपती आले आणि गेले. भावजींची पायरी चुकली नाही. एका सकाळी धो धो पाऊस होता, छत्री उलटी होऊनही ते आले. मावशींना राहवलं नाही. "भाऊ, तुमी रोज कशाला येता वो? मी आता काढीत न्हाय टोपी. देवाशपथ."

"बोट एकदा हातात घेतलं, की पुढच्या भेटी त्यातच आल्या," भावजी नेहमीच्या सुरात म्हणाले. मग चहाच्या कपात बघत राहिले. "मालती गेली तेव्हा अख्खा गाव आला होता. सतरंज्या पुरल्या नाहीत. तुम्हीही होतात, मावशी, तुम्ही पिठलं-भात केला होतात. तेरावं झालं, सतरंज्या परत गेल्या." कपातला चहा त्यांनी संपवला. "लोक चांगले असतात. पहिली भेट सगळेच देतात."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. एखाद्या कागदात काय लिहिलंय ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी कामाला लागते, म्हणून मी भांडी आवरायला घेतली. मावशींनी नुसती भावजींची छत्री उचलून दाराच्या आत ठेवली.

घट बसण्याच्या आधी डॉक्टरांनी टोपी काढायला सांगितली. टोक सरळ राहिलं. अगदी रेघ ओढल्यासारखं नाही, पण राहिलं. मावशींनी त्याच दिवशी परात पुढे ओढली. पहिली भाकरी जरा जाड झाली, दुसरीला कड आली, तिसरी टम्म फुगली. ती त्यांनी भावजींच्या हातात दिली. भावजींनी भाकरी बाजूला ठेवली आणि मावशींचं उजवं मधलं बोट आधी बघितलं. "जुळलं," ते म्हणाले. "सरळ जुळलं." मावशींच्या सुनेला त्या संध्याकाळी समजलं की सासूबाई बसायच्या नाहीत. ती हसली, असं मावशींनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. भावजी नेहमीच्या वेळी घराबाहेर आले, चपला घातल्या आणि मेंदीच्या फटीपर्यंत आले. तिथे थांबले. आमच्या स्वयंपाकघराकडे बघितलं, हातातल्या छत्रीकडे बघितलं, आणि परत फिरले. त्यांच्या हिशोबात आता भेटीचं कारण उरलं नव्हतं, आणि कारण नसताना भेट घेणं हे त्यांना कधी जमलेलं नाही. तिसऱ्या दिवशी ते फटीपर्यंतही आले नाहीत. मी मावशींना सांगितलं. मावशी "हं" म्हणाल्या आणि चूल फुंकत राहिल्या.

चौथ्या दिवशी सकाळी मावशींनी परात पुढे घेतली, उजव्या हाताने पीठ मळायला घेतलं आणि दारातून कुंपणाकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली.

"भाऊ! वो राऊत भाऊ! बोट ठणकतंय वो माजं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भावजी अनवाणीच आले. कोंबड्या बाजूला पळाल्या. ते पायरीशी येऊन उभे राहिले, त्यांना धाप लागली होती. "कोणतं? कुठे ठणकतंय? काही उचललंत का?"

मावशींचा उजवा हात पिठात बरबटलेला होता. त्यांनी डावा हात वर केला आणि त्याचं मधलं बोट पुढे धरलं.

"ह्ये बगा. ह्येच."

मी चुलीपाशी होते. मी मावशींकडे बघितलं. त्या परातीकडे बघत होत्या, आणि त्यांच्या उजव्या हाताची पाचही टोकं पिठाच्या गोळ्याभोवती नीट फिरत होती.

भावजींनी या वेळी मान वळवली नाही. त्यांनी समोरून, सरळ बघितलं. डाव्या हाताकडे बघितलं, मग परातीतल्या उजव्या हाताकडे, मग परत डाव्याकडे. डाव्याचं उजवं केलं म्हणून अमेरिकेचे कागद परत पाठवणारा हा माणूस आहे, तो आता काय बोलतो म्हणून मी हातातली फुंकणी खाली ठेवून बघत राहिले.

ते हळूच पायरीवर बसले.

"हं," ते म्हणाले. "थोडं लाल दिसतंय. उद्या परत बघायला लागेल."

"बगा की," मावशी म्हणाल्या.

मी चहाच्या आधणात आणखी एक कप पाणी घातलं.